एएलए आणि लाल उजेड : फोटोडायनॅमिक थेरपी नेमकी कुठवर पोचते?

धागाकर्ता : मुळाकाठ

‘उजेडाने कर्करोग बरा होतो का’ हा प्रश्न या विभागात अलीकडे अनेकदा आला आणि त्यावरच्या उत्तरांत लेसर शस्त्रक्रिया, रेडिएशन, कोडावरचा अतिनील किरणांचा उपचार आणि घरगुती लाल दिवे यांची सरमिसळ झालेली दिसली. मी प्रकाश-रसायनशास्त्रात काम करतो, डॉक्टर नाही. त्यामुळे कोणी कोणता उपचार घ्यावा हे मी सांगणार नाही, पण फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी, कशी चालते आणि ती कुठे थांबते हे मात्र सविस्तर मांडतो, कारण हे समजले की निम्म्याहून अधिक गैरसमज आपोआप दूर होतात.

या उपचाराला तीन गोष्टी लागतात : प्रकाश शोषणारा एक रेणू (याला प्रकाशसंवेदक म्हणतात), त्याला मानवेल अशा तरंगलांबीचा प्रकाश, आणि पेशीतला ऑक्सिजन. तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी असतील तरच पेशी मरते. रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो, काही काळ त्या अवस्थेत टिकतो आणि आपली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून जो ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ तयार होतो, तो इतका क्रियाशील असतो की जन्मल्या ठिकाणापासून पेशीच्या रुंदीइतकेही अंतर न कापता समोर येईल त्या मेदाशी किंवा प्रथिनाशी अभिक्रिया करून संपतो. म्हणून जिथे रेणू आणि प्रकाश दोन्ही आहेत तिथेच इजा होते. रेडिएशनप्रमाणे डीएनए तोडणे हा येथील मुख्य मार्ग नसल्यामुळे त्याच जागी हा उपचार पुन्हा देता येतो.

सध्या त्वचेसाठी सर्वाधिक वापरला जाणारा पदार्थ म्हणजे ५-अमायनोलेव्ह्युलिनिक ॲसिड, ज्याला सगळे एएलए म्हणतात. मला स्वतःला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते की एएलए स्वतः प्रकाशसंवेदक नाही. ती पाण्यात सहज विरघळणारी पांढरी भुकटी आहे आणि दृश्य प्रकाशाशी तिला काही देणेघेणे नाही. आपल्या पेशी हीम, म्हणजे हीमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, बनवण्यासाठी रोज एएलए तयार करत असतात. एएलएच्या आठ रेणूंपासून पॉर्फिरिनचे एक कडे घडते, टप्प्याटप्प्याने त्याचे प्रोटोपॉर्फिरिन-९ होते आणि शेवटी फेरोकिलेटेज नावाचे एन्झाइम त्यात लोहाचा अणू बसवते, की झाले हीम. ही सगळी साखळी पहिल्याच पायरीवर नियंत्रित होते : हीम पुरेसे झाले की पेशी एएलए बनवणे कमी करते. आपण बाहेरून एएलए दिले की जकातनाका चुकवून माल थेट बाजारात उतरावा तसे होते. पुढच्या पायऱ्या भराभर चालतात, लोह बसवणारी शेवटची पायरी मागे पडते आणि प्रोटोपॉर्फिरिन साठत जाते. खरे प्रकाशसंवेदक हेच. अनेक प्रकारच्या गाठींच्या पेशींत फेरोकिलेटेजची क्रियाशीलता कमी असते, शिवाय रोगट त्वचेचा वरचा थर विस्कळीत असल्याने मलम तिथे अधिक मुरते. त्यामुळे तिथला साठा आजूबाजूच्या निरोगी त्वचेपेक्षा बराच जास्त होतो. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली पाहिले तर नेमकी तेवढीच जागा विटकरी लाल चमकते.

निसर्गात याचा एक दुःखद पुरावाही आहे. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या आनुवंशिक आजारात फेरोकिलेटेजच अपुरे असते. अशा मुलांच्या रक्तात आणि त्वचेत हेच प्रोटोपॉर्फिरिन साठते आणि ऊन लागताच त्यांच्या त्वचेची असह्य आग होते. म्हणूनच पॉर्फिरियाच्या रुग्णांना पीडीटी देत नाहीत.

इतिहास थोडक्यात सांगतो. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टाप्पायनर यांच्याकडे शिकणाऱ्या ओस्कार राब या विद्यार्थ्याने अ‍ॅक्रिडिन या रंगद्रव्याने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव किती वेळात मरतात हे मोजताना पाहिले की खोलीतल्या उजेडानुसार वेळ बदलते. हे निरीक्षण १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. १९०३ मध्ये टाप्पायनर आणि येसिओनेक यांनी इओसिन हे रंगद्रव्य लावून त्वचेच्या गाठींवर प्रकाशाचा प्रयोग केला आणि पुढच्याच वर्षी ऑक्सिजन अनिवार्य असल्याचे टाप्पायनर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. १९१२ मध्ये फ्रीडरिश मायर-बेट्झ या डॉक्टरांनी स्वतःला २०० मिलिग्रॅम हीमॅटोपॉर्फिरिन (पॉर्फिरिनच्याच कुळातला एक पदार्थ) टोचून घेतले. त्यानंतर उन्हात गेल्यावर त्यांचा चेहरा आणि हात भयंकर सुजले आणि ती संवेदनशीलता कित्येक आठवडे टिकली. आधुनिक पीडीटीचे श्रेय प्रामुख्याने न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरातल्या रॉझवेल पार्क संस्थेच्या थॉमस डोहर्टी यांना जाते. त्यांच्या गटाने १९७८ मध्ये २५ रुग्णांच्या ११३ गाठींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९८ गाठी पूर्ण आणि १३ अंशतः विरघळल्या. त्यातूनच पुढे फोटोफ्रिन हे औषध आले, ज्याला १९९३ मध्ये कॅनडात आणि १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. एएलए त्वचेवर लावण्याची कल्पना कॅनडातील किंग्स्टनच्या केनेडी, पॉटियर आणि प्रॉस यांनी १९९० मध्ये मांडली.

आता मूळ प्रश्न : हे पोचते किती खोल? रक्तातले हीमोग्लोबिन निळा आणि हिरवा प्रकाश गिळून टाकते. लाल प्रकाश त्यातून निसटतो, तरीही ऊतकात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर उपयोगी पडतो. मग अवरक्त प्रकाश का वापरू नये? कारण तरंगलांबी वाढली की फोटॉनची ऊर्जा घटते आणि साधारण ८५० नॅनोमीटरच्या पुढे सिंग्लेट ऑक्सिजन तयार करण्याइतकी ऊर्जा उरत नाही. म्हणजे ६०० ते ८०० नॅनोमीटर एवढीच पट्टी हातात राहते. एखाद्याला हा उपचार लागू पडेल का, हे ठरवताना गाठ किती खोल आहे आणि तिथवर प्रकाश नेता येईल का, हे प्रश्न औषधाच्या जहालपणापेक्षा मोठे आहेत.

प्रतिसाद : दूरदेशी

अतिशय उपयुक्त धागा. मी ब्रिस्बेनमध्ये त्वचारोग विभागात परिचारिका आहे आणि आमच्याकडे गोऱ्या त्वचेच्या वयस्कर रुग्णांना वर्षानुवर्षांच्या उन्हामुळे ॲक्टिनिक केराटोसिस, म्हणजे खरखरीत, खवलेदार चट्टे, इतके होतात की हा उपचार रोजच्या कामाचा भाग झाला आहे. प्रत्यक्षात काय करतात ते लिहिते.

आधी चट्ट्यावरची खपली आणि खवले क्युरेटने (खरवडण्याच्या छोट्या हत्याराने) हलकेच खरवडून काढतात. हे काम मन लावून केले नाही तर मलम आत मुरत नाही आणि पुढचे सगळे वाया जाते. मग एएलएचे मिथाइल एस्टर असलेल्या मलमाचा साधारण मिलिमीटरभर जाडीचा थर चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर थोडा लावतात, वर पारदर्शक चिकटपट्टी आणि तिच्यावर प्रकाश अडवणारे आवरण. तीन तास रुग्ण बाहेर वर्तमानपत्र वाचत बसतो. त्यानंतर मलम पुसून आम्ही वुड्स लॅम्पखाली (वर सांगितलेला जांभळा दिवा) पाहतो. लाल चमक सर्वत्र सारखी दिसली की ६३५ नॅनोमीटरच्या आसपासचा लाल दिवा लावतो, प्रति चौरस सेंटिमीटर ३७ ज्यूल. आमच्या दिव्याला त्यासाठी आठेक मिनिटे लागतात. रुग्णाने आणि आम्ही दोघांनीही चष्मे घालायचे असतात.

वेदनेविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण माहितीपत्रकांत ‘थोडी चुरचुर’ एवढेच लिहिलेले असते. पहिल्या दोन-तीन मिनिटांत आग सर्वांत जास्त होते. कपाळ आणि टक्कल पडलेल्या डोक्यावर तर धडधाकट माणसेही खुर्चीचे हात घट्ट धरून बसतात. थंड हवेचा झोत, पाण्याचा फवारा, मध्येच दिवा थांबवणे, मोठ्या भागासाठी नस बधिर करणारे इंजेक्शन, एवढी साधने आमच्याकडे आहेत. आधीच नीट सांगितले असेल तर रुग्ण ते सोसतो. न सांगता बसवले तर दुसऱ्या सत्राला येत नाही.

यावर आलेला चांगला पर्याय म्हणजे दिवसाच्या उजेडातली पीडीटी. सनस्क्रीन लावून, खवले काढून, मलम लावायचे आणि अर्ध्या तासाच्या आत दोन तासांसाठी बाहेर बसायचे. बारीक चट्ट्यांवर परिणाम जवळपास तेवढाच मिळतो आणि वेदना फारच कमी होते. जाड चट्ट्यांना मात्र दिवाच लागतो.

प्रतिसाद : मुळाकाठ

दूरदेशी, मनापासून आभार. उजेडात वेदना कमी का, याचे रासायनिक कारण मोठे समाधानकारक आहे. दिव्याखाली तीन तासांत साठलेले सगळे प्रोटोपॉर्फिरिन काही मिनिटांत एकदम पेटते, तर बाहेर बसल्यावर ते तयार होईल तसतसे थोडे थोडे खर्च होत जाते. सनस्क्रीनबद्दल एक पुस्ती जोडतो : झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन दृश्य प्रकाशही परतवते, म्हणून ते तिथे चालत नाही.

प्रतिसाद : केशरमळा

मुळाकाठ यांच्या लेखाने विषयाची ओढ लागली, तरीही एक रोखठोक प्रश्न विचारते. माझ्या सासऱ्यांच्या नाकाच्या कडेला बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग निघाला आहे. शस्त्रक्रियेचा व्रण नको म्हणून नातेवाईक पीडीटीचा आग्रह धरत आहेत. इतका सुटसुटीत उपचार असेल तर डॉक्टर चाकू का सुचवतात?

प्रतिसाद : डॉ. सदाफुली

केशरमळा ताई, मी नाशिकला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. सासऱ्यांना न तपासता त्यांच्याविषयी मत देणे योग्य नाही, परंतु तुमच्या डॉक्टरांची बाजू समजावून सांगते.

बेसल सेल कार्सिनोमाचे प्रकार असतात. त्वचेच्या वरच्या थरात पसरलेला, पातळ, ‘सुपरफिशियल’ प्रकार पीडीटीला चांगला प्रतिसाद देतो. ‘गाठीचा’, म्हणजे जाड प्रकार किंवा खोल मुळे पसरणारा प्रकार तितका देत नाही. नाक, डोळ्यांच्या कडा, कानाभोवतीचा भाग येथे गाठ परत उलटण्याचा धोका जास्त असतो, म्हणून तिथे कडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून केलेली शस्त्रक्रिया श्रेष्ठ ठरते. पीडीटीनंतर हातात तपासायला ऊतकच उरत नाही, त्यामुळे कडेला काही राहिले का हे कळण्याचा मार्ग केवळ पुढची तपासणी असतो.

पातळ प्रकारातसुद्धा पीडीटी सर्वोत्तम आहे असे मानू नका. नेदरलँड्समध्ये ६०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत इमिक्विमोड मलम, फ्लुओरोयुरॅसिल मलम आणि पीडीटी यांची तुलना केली गेली. पाच वर्षांनी गाठमुक्त राहण्याची शक्यता अनुक्रमे ८०.५, ७० आणि ६२.७ टक्के आढळली. पीडीटीचा व्रण खरोखर देखणा असतो, आणि ज्यांना रोज मलम लावणे जमत नाही किंवा पायावर जखम भरणे अवघड आहे अशांसाठी मी तिचा विचार जरूर करते. पण नाकाच्या कडेच्या गाठीला व्रणाच्या भीतीपोटी ती निवडणे मला पटत नाही. बायॉप्सीच्या अहवालात प्रकार लिहिलेला असेल, तो डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आपल्याकडच्या त्वचेविषयी दोन शब्द. ॲक्टिनिक केराटोसिस आपल्या लोकांत कमी दिसतो, त्यामुळे परदेशात ज्या आजारासाठी पीडीटी सर्वाधिक वापरतात तोच आपल्याकडे तुरळक आहे. त्वचेतले मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाशाचा वाटा खाते आणि उपचारानंतर काळसर डाग राहण्याची शक्यता गव्हाळ-सावळ्या त्वचेत जास्त असते. हट्टी मुरुमांसाठी काही ठिकाणी पीडीटी देतात, पण तरुण मुलींनी हा डागांचा मुद्दा आधी समजून घ्यावा. औषध महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही, हेही खरेच.

प्रतिसाद : वारणाकाठचा

डॉक्टर, कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, तीही पीडीटीच ना? आणि हळदीतल्या कर्क्युमिनवर निळा प्रकाश टाकून जंतू मारतात असे वाचले होते. मग आपल्याकडे हे ज्ञान आधीपासून होते असे म्हणता येईल का?

प्रतिसाद : मुळाकाठ

बावचीत सोरालेन असते, आणि प्रकाशाने जागे होणारा पदार्थ त्वचेवर वापरण्याची ती फार जुनी परंपरा आहे, याचा मला आदर आहे. तरी कार्यपद्धती निराळी आहे. सोरालेन अतिनील-अ किरण शोषते आणि थेट डीएनएच्या धाग्यांना चिकटते. त्यासाठी ऑक्सिजनची गरज नसते. कोडाच्या उपचारात रंगपेशींना चालना मिळावी हा उद्देश असतो, तर पीडीटीत पेशी मारायच्या असतात. म्हणून तिला प्रकाशउपचार म्हणावे, पीडीटी म्हणू नये. बावचीचे तेल घरच्या घरी लावून उन्हात बसल्याने मोठे फोड येऊ शकतात, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते करू नये.

कर्क्युमिन मात्र खरोखर प्रकाशसंवेदक आहे. ते ४२० ते ४३० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला उत्तम शोषते, आणि दातांच्या पृष्ठभागावरचे जंतू मारण्यासाठी त्यावर संशोधन चालू आहे. अडचण अशी की ते पाण्यात विरघळत नाही, लवकर विघटित होते आणि निळा प्रकाश ऊतकात मिलिमीटरभरही नीट जात नाही. पोटात घेतलेली हळद गाठीत पुरेशा प्रमाणात पोचतच नाही. तेव्हा हळदीचे दूध पिऊन उन्हात बसल्याने गाठ विरघळेल, असे जे संदेश फिरतात त्यांना कोणताही आधार नाही. ते वाचून कोणी उपचार लांबवला तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. बाजारातल्या लाल दिव्यांच्या मुखवट्यांचेही तसेच : त्यात प्रकाश आहे, संवेदक नाही.

प्रतिसाद : दंतवैद्य_सातारा

तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडात पांढरे चट्टे घेऊन येणारे रुग्ण मी दररोज पाहतो, त्यामुळे या विषयाकडे माझे लक्ष फार पूर्वीपासून आहे. तोंडाच्या आतले अस्तर पातळ आहे, तिथे प्रकाश थेट पोचवता येतो आणि शस्त्रक्रियेने जीभ किंवा गालाचा भाग गेला तर बोलणे-गिळणे कायमचे बिघडते. पीडीटीसाठी याहून योग्य जागा क्वचितच असेल.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात, बोस्टनमधील तय्यबा हसन आणि जोनाथन सेली यांच्या गटांच्या सहकार्याने, नेमका हाच प्रयत्न झाला आहे. महागड्या लेसरऐवजी बॅटरीवर चालणारा एलईडी, त्याचा प्रकाश तोंडात नेणारा फायबर, आणि चट्ट्याची लाल चमक टिपण्यासाठी स्मार्टफोनचा कॅमेरा. रुग्णाला एएलए पिण्यास द्यायचे, चमक पाहून कडा ठरवायच्या आणि मग प्रकाश द्यायचा. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणीही हे चालावे, असा त्यामागचा विचार आहे. निवडलेले रुग्ण प्रारंभिक अवस्थेतले, ५ मिलिमीटरपर्यंत खोल असलेल्या लहान गाठींचे होते, हे मात्र अधोरेखित करतो. आमच्याकडे येणारे बहुतेक रुग्ण त्या मर्यादेच्या पलीकडे जाऊन येतात. तोंड पूर्ण उघडत नाही, तिखट सोसत नाही, चट्टा बोटाला जाड लागतो, आणि तरी ‘चार महिन्यांपासून आहे, दुखत नव्हते म्हणून आलो नाही’ असे सांगतात. मानेत गाठ लागली असेल तर तोंडातल्या प्रकाशाचा तिला काही उपयोग नाही.

प्रतिसाद : रातराणी_०७

आमच्या मामांना अन्ननलिकेचा कर्करोग आहे, गिळता येत नाही. फोटोफ्रिनने ते बरे होतील का?

प्रतिसाद : मुळाकाठ

तुमच्या मामांविषयी वाचून वाईट वाटले. या आजारासाठी फोटोफ्रिनला अमेरिकेत जी मान्यता मिळाली ती मुख्यतः अडलेला मार्ग मोकळा करून गिळणे सुकर व्हावे यासाठी होती. वाढलेला रोग मुळापासून जावा, हा तिचा हेतू नव्हता. औषध शिरेतून देतात, किलोमागे २ मिलिग्रॅम. त्यानंतर ४० ते ५० तासांनी दुर्बिणीतून फायबर घालून ६३० नॅनोमीटरचा लेसर प्रकाश देतात. मोठी अडचण पुढे येते : औषध त्वचेत निदान महिनाभर रेंगाळते आणि तेवढे दिवस उन्हापासून कडेकोट जपावे लागते. आज गिळणे सुकर करण्यासाठी स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी जाळीदार नळी) आणि रेडिएशन हे मार्ग अधिक वापरले जातात, तेव्हा मामांच्या डॉक्टरांशी त्याविषयी आधी बोलावे.

प्रतिसाद : केशरमळा

सासऱ्यांचा बायॉप्सी अहवाल पुन्हा वाचला. त्यात ‘गाठीचा’ प्रकार असे लिहिले आहे, पातळ नव्हे. घरात सर्वांना डॉ. सदाफुलींचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि शस्त्रक्रियेची तारीख घेतली.

प्रतिसाद : सोनचाफा

उशिराने विचारत आहे. माझ्या धाकट्या भावाची मेंदूतल्या ग्लायोमाची (एक प्रकारची गाठ) शस्त्रक्रिया ठरली असून तिच्या काही तास आधी एक पेय पाजून त्याला मंद उजेडात ठेवणार, असे सांगितले आहे. ते हेच औषध आहे का? आणि आम्ही काय काळजी घ्यावी? त्याला मधुमेहही आहे.

प्रतिसाद : मुळाकाठ

होय, ते एएलएच असावे. तिथे ते गाठ मारण्यासाठी नसते, दिसण्यासाठी असते. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी किलोमागे २० मिलिग्रॅम पाजतात आणि शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकातून निळा-जांभळा प्रकाश टाकतात तेव्हा गाठीचा भाग लाल चमकतो. जर्मनीतील वॉल्टर श्टुमर यांच्या २००६ च्या चाचणीत एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण काढता आलेल्या रुग्णांचे प्रमाण या पद्धतीने ६५ टक्के होते, नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्के.

प्रतिसाद : डॉ. सदाफुली

काळजीचे मी सांगते. औषधानंतर एक ते दोन दिवस थेट ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे. खिडकीचे पडदे ओढून घ्या, तपासणीचा झगझगीत दिवा डोळ्यांवर-त्वचेवर विनाकारण येऊ देऊ नका, गाडीतून नेताना अंगभर कपडे आणि टोपी असू द्या. सनस्क्रीनवर विसंबू नका, कारण ते मुख्यतः अतिनील किरण अडवते आणि येथे त्रास दृश्य प्रकाशाचा आहे. भावाच्या सध्याच्या सर्व गोळ्यांची यादी आजच भूलतज्ज्ञांना द्या. मधुमेहाच्या सल्फोनिलयूरिया गटातल्या गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, तसेच डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके आणि रक्तदाबावरील थायझाइड ही स्वतःही त्वचेला प्रकाशसंवेदी करतात, आणि एएलएच्या आधी व नंतर २४ तास ती टाळण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. गोळी परस्पर बंद करू नका. साखर सांभाळायला त्या काळात दुसरी काय व्यवस्था करायची, हे त्यांनाच ठरवू द्या.

प्रतिसाद : सोनचाफा

त्याच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. उद्या सकाळीच यादी घेऊन जाते.